एसएमपीएस – १ नग

गोदाकाठच्या शहागडसारख्या महामार्गावरील गावात गेमिंग संगणक आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. परंतु जड खेळ ऐन रंगात आला असता ते यंत्र एकाएकी बंद पडले, की त्याचे खापर प्रथम मुलावर, मग खेळावर आणि अखेरीस विंडोजवर फुटते, व दुरुस्तीवाला पैसे घेऊन ‘फॉरमॅट मारून’ देतो, ही रीत सर्वत्र रूढ झाली आहे. माझे स्पष्ट मत असे, की या फिर्यादीत पहिली जबानी विजेची घ्यावी.

यंत्र बंद कसे पडते यातच निम्मे निदान असते. क्षणार्धात सारे काळोखले, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीवर. खेळ आधी अडखळला, पंखे घोंघावू लागले आणि मग पडदा मावळला, तर उष्णतेवर. निळा पडदा येऊन दर खेपेस निराळी चूक दाखवू लागला, तर बहुधा रॅमवर. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा साठावर बांधून पाहावी. तेवढ्याने यंत्र तग धरू लागले, तर विंडोजवरील आरोप बव्हंशी निराधार समजावा.

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, आणि १९५६ च्या वीज नियमांनी त्यात सहा टक्क्यांपलीकडे फरक नसावा असे फर्मावले होते. परंतु घरे आणि शेतपंप जेथे एकाच डीपीवर आहेत तेथे उसाला पाणी सोडण्याच्या वेळी बोर्डात मल्टिमीटर घालून पाहिला, तर आकडा दोनशेच्या खाली दिसणे नवलाचे नाही. दाब उतरला की तेवढ्याच कामासाठी एसएमपीएसला अधिक प्रवाह ओढावा लागतो व तो तापतो. त्यातच ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या नेमस्त वॉटांच्या कितीतरी पुढे झेप घेते, ही गोष्ट इतकी सर्वमान्य झाली, की २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अशा झेपा सोसण्याची अटच घालण्यात आली. स्वस्त एसएमपीएसला हे पेलवत नाही. यूपीएस आहे ना, असे कोणी म्हणेल; पण ६०० व्हीएचा सर्रास विकला जाणारा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो, आणि खेळ चालू असता भार त्यापुढे गेला, तर लाइट जाताच तोही मान टाकतो.

मे महिन्यात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो; तेव्हा धूळ झाडणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट बदलणे आलेच.

दोष नेहमी ग्राहकाच्या घरचाच असतो असे मात्र नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खेळ बंद पाडू लागले, तेव्हा पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याची तक्रार उमटत असे. २०२४ मध्ये कंपनीने प्रोसेसरला वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे कबूल करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. तोवर कित्येकांनी निष्पाप ग्राफिक्स कार्डांना दोष दिला असेल!

दुकानदार प्रोसेसर आणि कार्ड यांचे आकडे तोंडपाठ सांगतो, आणि किंमत जुळविण्यासाठी कात्री एसएमपीएसवर चालवितो. म्हणून बिलावर त्याचे मॉडेल, वॉट आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. ‘एसएमपीएस – १ नग’ एवढ्याच नोंदीचे बिल कोणी स्वीकारू नये.