पत्ता चुकला की घोळ!

माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण मूळची हसनाबादची. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. गेल्या दिवाळीत तिनं आईसाठी ऑनलाइन साडी मागवली, पिनकोड चुकीचा टाकला आणि साडी थेट पश्चिम बंगालमधल्या हसनाबादला! आम्ही दोन दिवस हसत होतो.

या महिन्यात मात्र ती गप्प होती. आईच्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सी झाली आणि मोबाइलवर रिपोर्टचा फोटो आला. 'ईआर पॉझिटिव्ह, न्यूक्लिअर. हर-टू थ्री प्लस, मेंब्रेन.' घरी सगळ्यांनी एकच अर्थ काढला : थ्री म्हणजे तिसरी स्टेज. रडारड सुरू.

मी पॅथॉलॉजिस्ट मित्राला फोन लावला. तो म्हणाला, 'थ्री प्लसचा स्टेजशी काही संबंध नाही. आणि त्या रिपोर्टमध्ये प्रोटीनचं नाव वाचतेस ना, तसा त्याचा पत्ताही वाच.'

फंडा असा आहे. आपल्या पेशीत हजारो प्रकारची प्रोटीन्स असतात. त्यातल्या काहींचं काम निरोप्याचं : वाढ, थांब, मर. कुणी कुठं जायचं, हे प्रोटीनच्या रचनेतच लिहिलेलं असतं. हे शोधणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल मिळालं. थोडक्यात, पेशीचा पिनकोडच! आपला सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आखला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी.

पेशीत पत्ता चुकला तर? बीटा-कॅटेनिनचंच घ्या. पेशीच्या आवरणापाशी असतं तेव्हा ते शेजारच्या पेशींना धरून ठेवायला मदत करतं. एकदम सज्जन! जास्तीचं झालं की पेशी ते मोडीत काढते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ही मोडीत काढण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. मग बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि वाढीची जीन्स चालू करतं. प्रोटीन तेच, फक्त मुक्काम बदलला.

आता आईचा रिपोर्ट. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा निरोप घेणारं प्रोटीन. त्याचा रंग केंद्रकात दिसला तरच ते पॉझिटिव्ह धरतात, आणि मग टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू बसतं पेशीच्या आवरणावर आणि 'वाढा, वाढा' असा निरोप आत सोडत राहतं. दहा टक्क्यांहून जास्त कॅन्सरपेशींभोवती त्याचं गडद, पूर्ण कडं दिसलं की थ्री प्लस. रंग नुसता पेशीच्या आत पसरलेला असेल तर तो मोजत नाहीत. टू प्लस आलं तर 'फिश' नावाची आणखी एक टेस्ट. अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध या हर-टूला पेशीच्या बाहेरूनच धरतं.

हर-टूवाला कॅन्सर सौम्य नसतो, हे मित्रानं लपवलं नाही. पण त्याच्यावर नेम धरून मारा करणारं औषध आहे, हेही सांगितलं. स्टेज ठरते गाठीचा आकार आणि आजार कुठवर पसरलाय यावरून. तेव्हा मंडळी, असा रिपोर्ट हातात आला तर आकडा बघून हातपाय गाळू नका. डॉक्टरांना सरळ विचारा : कोणतं प्रोटीन, कुठं दिसलं आणि त्यावर औषध कोणतं?

मैत्रिणीनं हे सगळं फोनवर आईला समजावलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, 'मंग औषधाला पत्ता नीट सांग बाई. साडीवानी बंगालला नको जायला.'