‘भाव पडतील!’ : लेव्हिटाउन आणि एका भीतीचा इतिहास

१/ दुसरे महायुद्ध संपले आणि लाखो अमेरिकी सैनिक मायदेशी परतले. पण अनेकांना राहायला घर नव्हते. आधी मंदी आणि मग युद्ध, यांमुळे जवळजवळ पंधरा वर्षे घरबांधणी मंदावलेली होती. नवी जोडपी आईवडिलांच्या घरी किंवा लष्कराच्या जुन्या बराकींत दिवस काढीत होती. या टंचाईतून लेव्हिटाउन जन्मले.

२/ १९४७ मध्ये ‘लेव्हिट अँड सन्स’ने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत बांधकाम सुरू केले. घरबांधणी २७ टप्प्यांत विभागली गेली. मोटारीच्या कारखान्यात गाडी सरकते आणि कामगार जागेवर राहतो. येथे घर जागेवर होते आणि कामगारांच्या तुकड्या सरकत होत्या. ऐन भरात दिवसाला ३० घरे पुरी होत. १९५१ पर्यंत घरांची संख्या १७,००० च्या पुढे गेली.

३/ घर बेताचेच होते: सुमारे ७५० चौरस फूट, तेही तळघराविना. स्थानिक नियमानुसार तळघर सक्तीचे होते. त्यावरील सुनावणीला माजी सैनिकांनी सभागृह भरून टाकले आणि नियम बदलला. तरीही टीका थांबली नाही. एकसारख्या स्वस्त घरांची ही वस्ती उद्या बकाल होईल, असे भाकीत होतच राहिले. आणि शेजारची वस्ती बकाल झाली की आपल्याही घराचा भाव पडणार, हे गणित प्रत्येक घरमालकाला पाठ असते.

४/ भाकीत खोटे ठरले. रहिवाशांनी माळे वाढवले, खोल्या जोडल्या, झाडे लावली. १९४९ मध्ये ७,९९० डॉलरला विकलेली घरे आज लाखो डॉलरची आहेत. महागाई वजा केली तरी ही वाढ कित्येक पट आहे.

५/ असे का झाले? घराचा भाव केवळ विटालाकडांवर ठरत नाही. शहराचे अंतर, रोजगार, शाळा, उद्याने आणि सुलभ कर्ज यांवर तो ठरतो. वस्तीकडे दुर्लक्ष झाले, पाणी-रस्ते पुरले नाहीत, तर भाव खरोखरच पडतात. पण तो दोष नियोजनाचा. घर स्वस्त असण्याचा नव्हे.

६/ तथापि सुलभ कर्जाला एक अट चिकटलेली होती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या नियमपुस्तिकेने मिश्रवर्णीय वस्ती ‘जोखमीची’ मानली होती. लेव्हिटाउनच्या आरंभीच्या भाडेकरारात तर गौरेतरांना, घरनोकर वगळता, राहण्यास स्पष्ट मनाई होती. अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवले. तरीही लेव्हिटने कृष्णवर्णीयांना घरे विकली नाहीत. कारण तेच: गोरे ग्राहक पळतील, भाव पडतील.

७/ ऑगस्ट १९५७. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहायला आले. त्यांनी हे घर आधीच्या मालकाकडून घेतले होते. बिल स्वतः माजी सैनिक. तरीही रात्रीमागून रात्र जमाव जमत राहिला, दगडांनी काचा फुटल्या, राज्य पोलीस आणावे लागले. एका शेजाऱ्याचे म्हणणे नोंदले गेले आहे: माणूस भला असेल, पण त्याच्याकडे पाहिले की आपल्या घराचे २,००० डॉलर गेलेले दिसतात.

८/ ज्यांच्या घरांना कालपर्यंत ‘उद्याची बकाल वस्ती’ म्हणून हिणवले गेले, त्यांनीच तो युक्तिवाद उचलून नव्या शेजाऱ्यावर उगारला.

९/ तो युक्तिवाद खरा तरी होता का? अर्थतज्ज्ञ लुइजी लॉरेंटी यांनी सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फियातील विक्रीचे व्यवहार तपासले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कृष्णवर्णीय कुटुंबे आलेल्या बहुतेक वस्त्यांत भाव तुलनेने टिकले किंवा वाढले होते.

१०/ भाव पडत, ते बहुधा घबराटीने. काही दलाल मुद्दाम अफवा पसरवीत, घाबरलेल्या गोऱ्यांकडून घरे स्वस्तात घेत आणि तीच कृष्णवर्णीयांना चढ्या दराने विकत. भीतीच घसरण घडवी आणि मग त्या घसरणीकडे बोट दाखवून भीती खरी ठरवली जाई.

११/ वर्णभेदाला बंदी करणारा गृहनिर्माण कायदा १९६८ मध्ये आला. तोवर दोन दशके उलटली होती. त्या काळात घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या घरांची किंमत वाढली. त्यावर मुलांचे शिक्षण झाले, वारसा उभा राहिला. ज्यांना दारातूनच परतवले, त्यांना नंतर दार उघडे मिळाले, पण दर आवाक्याबाहेर गेलेला होता.

१२/ म्हणून ‘भाव पडतील’ हे वाक्य निव्वळ हिशेब म्हणून ऐकू नये. त्यात रस्ते, पाणी, शाळा यांची चिंता असेल तर तिला उत्तर देता येते आणि दिलेच पाहिजे. पण शेजारी कोण येणार, हीच चिंता असेल तर तिला अर्थशास्त्राचा मुलामा देऊ नये. मायर्स कुटुंबाच्या खिडकीवर आलेले दगड त्याच ‘हिशेबा’च्या नावाने फेकले गेले होते.