कार्डाची मुदत संपली, हक्क संपला नाही

परदेशात स्थायिक झालेली आपली मुले कोणाच्या शादीसाठी, आईबापाच्या आजारपणासाठी किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसाठी पनवेल, तळोजा, महाडकडे येतात. मुक्काम लांबतो. परतीचे तिकीट काढताना कळते की पी.आर. कार्डाची मुदत संपली आहे, किंवा कार्डच गहाळ आहे. मग घरात रडारड आणि मोहल्ल्यात सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणतो, पी.आर. गेली. कोणी म्हणतो, अमुक एजंट पैसे घेईल पण काम करील. या दोन्ही सल्ल्यांनी माणूस बुडतो. तिकडची नोकरी, दुकान, घराचे हप्ते, मुलांची शाळा असे सर्व काही या एका कागदावर अडलेले असते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडणे मला जरुरीचे वाटते.

आपल्या कापडाच्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. भिवंडीहून किंवा सुरतहून गाठ निघाली आणि बिल्टी हरवली, तर माल परका होत नाही. पण ट्रान्सपोर्टवाला बिल्टीशिवाय गाठ सोडत नाही. त्याला बाँड लिहून द्यावा लागतो, मालकी पटवावी लागते. पी.आर. कार्डाचे असेच आहे. कार्ड म्हणजे बिल्टी, आणि कायम रहिवासाचा हक्क म्हणजे माल.

कॅनडाचा कायदा पाहा. २८ जून २००२ पासून तेथे नवा कायदा आणि हे कार्ड आले. ३१ डिसेंबर २००३ पासून विमानाने परतणाऱ्या कायम रहिवाशाला कार्ड दाखवणे सक्तीचे झाले. कार्ड साधारण ५ वर्षांचे असते. त्याची मुदत संपल्याने हक्क जात नाही. मात्र विमान कंपनी बसू देत नाही, कारण कागदाविना प्रवासी नेला तर भुर्दंड तिच्यावर पडतो. नवे कार्डही कॅनडाबाहेर पाठवले जात नाही. अशा माणसासाठी कायद्यात स्वतंत्र सोय आहे. तिचे नाव पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट. ते कॅनडाबाहेरूनच मागायचे असते. त्याची सरकारी फी ५० कॅनेडियन डॉलर आहे. एजंट मागतो त्या रकमेशी ही तुलना करून पाहा, म्हणजे धंदा कोणाचा चालला आहे ते उमजेल.

अधिकारी मुख्यतः हिशेब पाहतो तो दिवसांचा. गेल्या ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढले पाहिजेत. म्हणून जुने-नवे सर्व पासपोर्ट, पगाराच्या पावत्या, कराचे कागद, भाडेचिठ्ठी जपून ठेवा. दिवस कमी भरत असतील तरी लगेच हात वर करू नका. नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत बाहेर काढलेले दिवस धरले जातात. आईबापाच्या गंभीर आजारासारखी कारणे माणुसकीच्या नात्याने विचारात घेता येतात, पण त्यासाठी इस्पितळाचे कागद हवेत. तोंडी सांगून भागत नाही. अर्ज नामंजूर झाला तर ६० दिवसांत अपील करता येते. ही मुदत मात्र चुकवू नये.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसा काढून देतो, तिकडे पोहोचल्यावर बघू." पण कायम रहिवाशाला पाहुण्याचा व्हिसा मिळत नाही. तो हवा असेल तर आधी पी.आर. स्वखुशीने सोडल्याच्या फॉर्मवर सही करावी लागते. इंग्रजी न वाचता केलेली ती एक सही वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडते. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराकडून वाचून घ्या.

प्रत्येक देशाचा कायदा निराळा, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड इकडे हरवले आणि बाहेर राहून वर्ष झाले नसेल, तर वकिलातीकडून विमानात बसण्यापुरता कागद मिळू शकतो. ब्रिटनची रहिवासाची प्लॅस्टिक कार्डे २०२४ च्या अखेरीस बाद झाली. आता हक्काची नोंद संगणकावर असते, म्हणून नवा पासपोर्ट काढला की तो त्या खात्याला जोडावा. तेथे सलग २ वर्षांपेक्षा अधिक बाहेर राहिल्यास कायम रहिवासाचा हक्कच जातो, एवढेच नव्हे तर परतण्यासाठी वेगळा व्हिसा मागावा लागतो. आखाताची गोष्ट आणखी वेगळी. तेथील इकामा म्हणजे पी.आर. नव्हे. तो नोकरीला बांधलेला असतो, आणि मुदत गेली की बहुधा हक्कही जातो. दुबईवाल्याचा अनुभव टोरोंटोवाल्याला लावू नये.

कोकणी मुसलमानांना हा प्रश्न नवा नाही. केप वसाहतीत १९०६ साली कायदा झाला, तेव्हा तिकडे रोजीरोटी कमावणाऱ्या आपल्या बुजुर्गांना गावी येण्यापूर्वी परतीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे असत. मुदतीत केपटाऊन गाठले नाही तर तिकडचे दार बंद होई. त्या काळी गावाकडच्या माणसाला दाद मागणे फार अवघड होते. आज कायद्यात दाद आहे, पण माहितीअभावी आपण ती मागत नाही, ही खेदाची बाब आहे.

माझे म्हणणे इतकेच की, आपल्या जमातींनी आणि व्यापारी मंडळांनी हे काम हाती घ्यावे. मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळा लागतात, तेथेच एक सूचना लावा : परदेशातून येणाऱ्याने निघण्यापूर्वी कार्डाची तारीख पाहावी. कॅनडावाल्याने ९ महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर तिकडेच नव्या कार्डाचा अर्ज करावा. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या शिकलेल्या तरुणाने फॉर्म वाचून देण्यासाठी बसावे. जकातीच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आपण माणसे बसवतोच. यासाठी का बसवू नयेत? याला पैसा फारसा लागत नाही, आणि एखाद्याचा बसलेला संसार मोडण्यापासून वाचतो.