देवासच्या मेन्यूकार्डात थालीपीठ शोधणाऱ्यांसाठी

चवीचा पत्ता : साप्ताहिक सदर

देवासला जाऊन आलेला मराठी माणूस परतल्यावर दोन गोष्टी कौतुकानं सांगतो. टेकडीवर तुळजाभवानी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे. तिसरी गोष्ट मात्र तक्रारीच्या सुरात येते : पवारांचं गाव, पण तिथं धड मराठी जेवण मिळत नाही हो! धारहून आलेलाही हेच म्हणतो. दोन्ही संस्थानं पवारांची, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत. देवासात तर एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोनशे वर्षं राज्य केलं आणि बाजारात एक थालीपीठ मागे ठेवता आलं नाही?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. खानावळ राजा काढत नाही. एकटा राहणारा पुरुष ती काढायला लावतो. मुंबईत गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून गडी आले, बायकामुलं गावी राहिली. त्या गड्यांना दोन वेळा जेवू घालून गिरणगावातल्या बायकांनी आपले संसार चालवले, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. पुण्यात शिकायला पोरं आली, म्हणून बोर्डिंगं आली. मराठी माणसाच्या बाहेर जेवण्याचा इतिहास हा असा घरापासून तुटलेल्यांचा इतिहास आहे.

माळव्यात गेलेला मराठी माणूस तुटून गेला नव्हता. पवारांच्या मागोमाग शिलेदार गेले, कारकून गेले, भटजी आणि वैद्य गेले, आणि यथावकाश कुटुंबकबिला घेऊन वाडे बांधून राहिले. ज्या घरात रोज आमटी उकळते त्या घरातला माणूस ती विकत घ्यायला चौकात कशाला जाईल? शिवाय शिजवलेलं अन्न विकायचं म्हणजे त्या थरातल्या घराला कमीपणा, आणि सोवळ्याची अडचण वेगळीच. तेव्हा मराठी चूल दाराआड राहिली आणि बाजार राहिला हलवायाकडे. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दाराआडच्या त्या पंगतीची एक साक्ष इंग्रजीत आहे. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस पहिल्यांदा देवासला आला. १९२१ मध्ये तो थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्या काळातली त्याची पत्रं पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. समोरच्या ताटात काय काय वाढलंय हे तो एकेक करून घरी लिहितो. नावं ठाऊक नसल्यामुळे बिचारा आकार, रंग आणि गोडीवर भागवतो. वाचताना आपण ओळखत जातो : हा भात, हा लाडू, ही बहुधा जिलबी. पण ती पंगत निमंत्रणाची होती. पैसे मोजून ते ताट तेव्हा मिळत नव्हतं आणि आजही मिळत नाही. माळव्यातलं मराठी जेवण चाखायचं असेल तर ओळख काढावी, लग्नाला जावं, नाहीतर गणपतीत एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या मांडवात शिरावं. देवासच्या एखाद्या काकू ‘जेवूनच जा’ म्हणाल्या, तर दोनदा आग्रह करून घेऊ नये, हा या सदराचा अनुभवी सल्ला.

आता एकटे पुरुष आले आहेत. देवासात बँक नोट प्रेस आहे, कारखाने आहेत. धार जिल्ह्यात पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. पण या गर्दीच्या पोटाची सोय ढाब्यांनी आणि टिफिन सेंटरांनी केली, आणि महिन्याच्या पगाराच्या दिवशी ती गर्दी जिथं जाते तिथल्या जाड, प्लास्टिक चढवलेल्या कार्डाबद्दल काय बोलावं? पनीर सात प्रकारांनी, मांचुरियन कोरडं आणि ओलं, शेवटच्या पानावर पिझ्झा. हेच कार्ड सोलापुरात मिळतं, सिलवासात मिळतं. मालक इंदूरकडे बघतो, इंदूर दिल्लीकडे बघतं. या गर्दीत एक ओळ मात्र गावची असते : सेव-टमाटर. टोमॅटोच्या झणझणीत रश्शात ऐन वेळी टाकलेली जाड रतलामी शेव. ती मागवावी, सोबत तव्यावरची पोळी घ्यावी आणि कार्ड मिटून वेटरच्या हातात द्यावं.

माझं म्हणणं साधं आहे. धार-देवासला बाहेर जेवायचं तर मालवी जेवावं, आणि तेही दुपारी, कारण बाफला हे रात्रीचं काम नव्हे. जाडसर कणीक, तिच्यात तुपाचं मोहन, ओवा, हळद. गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर खरपूस भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. बाटी आणि बाफल्यात फरक आहे तो या उकळण्याचा. त्यामुळे कवच कडक राहतं आणि आतला भाग मऊ, तूप पिऊन घेणारा. सोबत तुरीची डाळ, हिरवी चटणी, कढी आणि चुरम्याचा लाडू. हॉटेलवाले हल्ली गोवऱ्यांच्या भानगडीत पडत नाहीत, ओव्हनमध्ये भाजतात किंवा सरळ तळून काढतात. तळलेला बाफला समोर आला तर डाळ-भात मागवावा, मनस्ताप वाचतो. खरे बाफले दोन खाल्ले की माणूस पंख्याखाली आडवा होतो. त्यामुळे त्या दिवशी दुपारनंतर कुणाला भेटायचं कबूल करू नये.

आणि सकाळ पोह्यांची. आपल्याकडे पोहे फोडणीत परततात आणि झाकण ठेवून एक वाफ आणतात. माळव्यात पोह्यांचं भलंमोठं पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवतात, त्या वाफेवर पोहे तास-दोन तास मऊ आणि गरम राहतात. त्यांना तेल बेताचं लागतं, आणि बडीशेप, जराशी साखर, वरून शेव, कांदा, जिरावण मसाल्याची चिमूट. बाजूला जिलबी. हे पोहे दक्षिणेतून मराठ्यांबरोबर आले असं तिकडे सर्रास सांगतात. कागद कुणी दाखवत नाही, पण इंदुरात पोह्यांवर चक्क उसळ घालून देतात, तेव्हा संशयाला फारशी जागा उरत नाही. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच. उपासाचा हा पदार्थ इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री, शेव घालून, भरल्या पोटी खातात. आजी पाहती तर तिनं डोळेच मिटले असते. पण मराठी चुलीतलं जे बाजारात टिकलं ते हेच, कारण मालवी माणसानं ते उचललं आणि आपल्या पद्धतीनं बिघडवलं. मेन्यूकार्डावर ‘महाराष्ट्रीयन स्पेशल’ असं लिहून ते टिकलं नसतं.

राहता राहिलं मांडू, धारपासून पस्तीसेक किलोमीटर. तिथं गेलेले लोक महाल बघतात, भिल्ल बायकांकडून खुरासानी चिंचेची फळं घेतात आणि हॉटेलात जाऊन पुन्हा पनीर मागवतात. याच मांडवगडावर १४६९ ते १५०० या काळात घियास शाह राज्य करत होता. त्याच्या आवडीच्या पाककृतींचं सचित्र पुस्तक, ‘निमतनामा’, त्याच्या आणि त्याचा मुलगा नासिर शाह याच्या कारकिर्दीत तयार झालं. पुढे ते टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहात पोचलं, तिथून इंग्रजांच्या हाती लागलं, आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांमध्ये मिशाळ सुलतान बसलेला, भोवती स्वैपाकाची लगबग. इंग्रजी भाषांतर २००५ पासून उपलब्ध आहे, म्हणजे सबब उरलेली नाही. त्यात समोशाच्याच कितीतरी तऱ्हा आहेत. बटाटा आणि मिरची हिंदुस्थानात यायची होती, त्यामुळे सारणात खिमा, कांदा, सुंठ आणि एका कृतीत चक्क वांग्याचा गर. तळायला तूप.

साहित्य धारच्या बाजारात आजही मिळेल. मांडूतल्या एखाद्या हॉटेलवाल्यानं पनीर टिक्क्याची एक ओळ खोडून तिथं हा वांग्याचा समोसा लिहिला, तर मी पहिल्या आठवड्यातच जाऊन खाईन. बिघडला तरी पैसे देईन, आणि कसा लागला ते याच सदरात लिहीन.

— पानवाढी