आधी पंखा बघा

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी उसळली, की गाड्या पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं सरकतात आणि आम्हा मेकॅनिक लोकांचे फोन वाजू लागतात. जालन्याहून मजेत आलेली गाडी इथं रांगेत अडकते आणि तापमानाचा काटा लालमध्ये जातो. गिऱ्हाईक उतरतानाच निकाल देतं, "रेडिएटर गेलं." अहो, धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो; थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. उभ्यानंच तापत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा सुरू होतो. झाला, म्हणजे मोटर शाबूत; मग सेन्सर आणि त्याची वायर तपासा. नाही झाला, तर फ्यूज, रिले बघा. तरीही गप्प असेल, तर सॉकेट काढून मोटरला थेट बॅटरीचा करंट द्यायचा. गरगर फिरली, तर नव्या मोटरचं बिल कशाला? कितीदा तरी सॉकेटची पिनच जळून काळी पडलेली सापडते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडची रीत मला मुळीच पटत नाही. इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि मूळ बिघाड तसाच राहतो. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलं, की क्षार नळ्यांत बसतात, ते वेगळंच.

आणि तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं टोपण गार होईपर्यंत उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं.