ऑक्सिडीकरण व क्षपण : ऑक्सिजन नको, इलेक्ट्रॉन मोजा

दहावीच्या वर्गात ऑक्सिडीकरण म्हणजे काय असं विचारलं की एका सुरात उत्तर येतं, "ऑक्सिजन मिळणं!" आणि क्षपण म्हणजे ऑक्सिजन जाणं. या उत्तराला गुण मिळतात, पण मुलं तिथेच थांबली की अकरावीत अडखळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुईनगरमध्ये गंज शोधायला लांब जावं लागत नाही. खाडीवरची दमट, खारी हवा लागून खिडकीचं ग्रिल गंजतं. लोखंडाला ऑक्सिजन मिळाला, व्याख्या जुळली! पण खारेपणामुळे गंज लवकर का चढतो? कारण लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि ते धातूतून पुढे जाऊन ओलाव्यातल्या ऑक्सिजनला मिळतात. खाऱ्या पाण्यातून आयन सहज फिरतात, म्हणून हा व्यवहार झपाट्याने होतो. पाठ केलेल्या व्याख्येत मिठाला जागाच नाही.

आता मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका होतो. सल्फेटमधला ऑक्सिजन सल्फेटलाच चिकटून राहतो. तरीही लोखंडाचं ऑक्सिडीकरण झालं आणि तांब्याच्या आयनाचं क्षपण, कारण लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले आणि तांब्याच्या आयनाने ते घेतले.

खरी गंमत पुढे आहे. तांब्याच्या भांड्यावरचा कॉपर ऑक्साइडचा काळा थर चिंचेने घासून जातो. हुशार मुलंसुद्धा म्हणतात, "ऑक्सिजन गेला, म्हणजे क्षपण!" नाही हो. चिंचेतल्या आम्लात तो थर विरघळतो, त्यातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं, पण तांब्याच्या आयनावरचा प्रभार होता तितकाच राहतो. इलेक्ट्रॉन कोणी दिला नाही, कोणी घेतला नाही. म्हणजे ही रेडॉक्स अभिक्रियाच नव्हे.

शब्दही घोळ घालतात. क्षपण म्हणजे कमी होणं, आणि इथे तर इलेक्ट्रॉन वाढतात! धातुकातून ऑक्सिजन काढला की वजन घटतं, त्यावरून हे नाव आलं. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची.

म्हणून शिक्षकमित्रांनो, पहिल्याच तासाला व्याख्या न सांगता खिळ्याचा प्रयोग दाखवा. तास संपायच्या आत थर दिसतो. मोरचूद विषारी आहे, मुलांना हात धुवायला लावा आणि मगच विचारा, लोखंडाने काय दिलं?