पावसाची जाहिरात आणि काळी चार

मृगाचे चार थेंब पडले की लोणावळा-खंडाळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिराती मोबाइलवर सुरू होतात. धुके, ओली गॅलरी, कांदाभजी, आणि मागे हळुवार पियानो. हा पियानो पुष्कळदा संगीतकार शोपँचा असतो. ‘रेनड्रॉप’ नावाने ओळखला जाणारा पंधरावा प्रेल्यूड. हे नाव शोपँने दिलेले नाही. उलट, सुरांत पाऊस ऐकू येतो म्हटल्यावर तो भडकला होता.

फ्रेडरिक शोपँ 1838च्या नोव्हेंबरात मायोर्का बेटावर गेला तो हवापालटासाठी. मुंबईची अशक्त माणसे खंडाळ्याला येत, तसाच. सोबत लेखिका जॉर्ज सँड आणि तिची दोन मुले. पाऊस लागला, खोकला वाढला. क्षयाची कुणकुण लागताच घरमालकाने बाहेर काढले. मग वाल्देमोसाच्या रिकाम्या मठात मुक्काम. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल पियानो जकातीत अडकला. तो जानेवारीत सुटेपर्यंत तिथल्याच एका सुमार वाद्यावर काम चालले. फेब्रुवारीत मंडळी परतली तेव्हा शोपँ रक्त ओकत होता.

सँडने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, ती वादळातून रात्री परतली तेव्हा शोपँ रडत वाजवत होता. आपण तळ्यात बुडून मेलो आहोत आणि छातीवर गार थेंब पडताहेत, असे त्याला वाटत होते. तिने छपरावरचे खरे थेंब ऐकवले, तर ते आपण ऐकलेच नाहीत म्हणाला, आणि नकलेचा आरोप मनाला लावून घेतला. रचना कोणती, हे तिने सांगितलेले नाही. पंधराव्यावर शिक्का मागाहून लोकांनी मारला.

मग या रचनेत आहे काय? पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर काळी एकचा षड्ज, आणि काळी चार, म्हणजे त्याचा पंचम, जवळजवळ अखंड वाजत राहतो. छपरापेक्षा तंबोऱ्याची पहिली तार याला जवळची. सुरुवातीला त्यावर शुद्ध गंधाराची मोकळी चाल आहे. मग षड्ज जागचा न हलता गंधार कोमल होतो, चाल खाली खर्जाकडे उतरते, आणि मघाशी सोबत करणारा तोच पंचम उरावर बसतो. रचना पाचेक मिनिटांची. तिचा निम्म्याहून अधिक भाग हा.

जाहिरातीत हा भाग येत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात बुकिंगचा नंबर झळकतो. कोमल गंधाराने खोल्या भरत नाहीत, हे धंदेवाल्यांचे गणित बरोबरच आहे. वाल्देमोसाही शहाणे झाले: ज्या रोग्याला परतताना गाडी द्यायला कोणी तयार नव्हते, त्याच्या मुक्कामाच्या खोल्या आज तिकीट लावून दाखवतात. तिथल्या एका खोलीतला ‘शोपँचा पियानो’ त्याच्या मृत्यूनंतर बनलेला आहे, हे 2011 साली न्यायालयाला ठरवावे लागले.

लोणावळ्यात तुंगार्ली-वलवणला शनिवार-रविवारी उतरणाऱ्यांनी ही पाच मिनिटे एकदा अखंड लावून पाहावीत. रात्री दहानंतर लावावीत. तेव्हा शेजारच्या बंगल्यातला डीजे निदान कायद्याने तरी बंद असतो.